हात माझा, पुरावे त्यांचे

...नाही नाही, चित्र उत्तम आहे हो, चित्राला मी नावं ठेवतच नाही! माझ्या नाकातला केस न् केस मोजून घ्या, इतकं स्वच्छ. पण तुम्हाला सांगतो, एवढं लख्ख दिसणारं खोटं मी जन्मात पाहिलं नव्हतं! म्हणे माहितीपट. माहिती कुणाची? माझी! मोडला कोण? मी! आणि मी कसा मोडलो ते ती चष्मेवाली दिग्दर्शिका मलाच समजावून सांगते... मला! अहो, हात माझा होता हो!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिच्यासारखी मान डोलवाल आणि नंतर कापून टाकाल. तर मी कुस्तीवाला. मातीतला नव्हे, दोरखंडांच्या रिंगणातला. चमचमते कपडे, धूर, ढोल, तसला. कोण जिंकणार ते आमचे मालक दुपारीच सांगून टाकायचे, आणि संध्याकाळी आम्ही घाम गाळून ते खरं करून दाखवायचो. आमच्यात दोनच जाती, एक टाळ्यांचा आणि एक शिव्यांचा. मी टाळ्यांचा... चंदेरी ससाणा! हसू नका, तेव्हा केस होते मला. आणि माझा जिवाभावाचा मित्र शिव्यांचा... भूकंप! तो नुसता आत आला की बायका पोरांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघायच्या.

आता आमच्या धंद्याचा एक कडक नेम. रिंगणात वैर तर बाहेरही वैर! एकत्र जेवायचं नाही, एका गाडीतून जायचं नाही, रस्त्यात दिसलो तर तो थुंकणार, मी मुठी वळणार. लोकांचा विश्वास उडता कामा नये. मग भेटायचं कुठं? तर शिंप्याकडे! दोघांचे कपडे तोच शिवायचा. पडद्याच्या आड मी माप द्यायचो, अलीकडे तो बटणं लावून घ्यायचा, आणि मध्ये बिचारा शिंपी तोंडात टाचण्या धरून आमच्या संसाराच्या गप्पा ऐकायचा. उभी दोस्ती आम्ही पडद्याआडून केली, तुम्हाला सांगतो!

आणि हात काय होता त्याचा! मला डोक्यावर उचलून फेकताना हा राक्षस कानात पुटपुटायचा, “हनुवटी आत घे... पाठ सैल सोड... हां, जा आता.” आईनं पाळण्यात ठेवावं तसं ठेवायचा हो! बाहेर लोक किंचाळतायत, “मारलं, मारलं!” आणि मला साधं खरचटलेलं नाही. इतकी वर्षं त्यानं मला आपटलं, एक ओरखडा नाही. आणि त्या माहितीपटात काय सांगतात? भूकंपानं ससाण्याचा हात मोडला!

अहो, हात मी घरी मोडला! पडदे लावताना! बायको म्हणत होती डावीकडे सरकवा, मी डावीकडे सरकलो, स्टूल उजवीकडे गेलं. संपलं! पण आमचे मालक पक्के. प्लास्टर बघितलं आणि डोळे चमकले त्यांचे. म्हणाले, “एवढं छान प्लास्टर फुकट कशाला घालवायचं?” दुसऱ्या दिवशी गावभर पोस्टर... ‘भूकंपाचा पाशवी हल्ला! ससाणा सूड घेणार!’ सुडाच्या कुस्तीला उभं राहायला जागा नव्हती. तेव्हा ठीक होतं हो, तो खेळ होता. पण माहितीपट? माहितीपटात खरं सांगायचं असतं ना? उद्या आम्ही दोघं नसू, आमच्यामागं हेच एक राहणार, आणि त्यात माझा मित्र कोण? हात मोडणारा! ज्यानं जन्मात कुणाचं नख दुखवलं नाही, तो! मला ते सहनच होत नव्हतं, सांगतो तुम्हाला.

म्हणून मी त्या बाईंना शांतपणे सांगितलं, बाई, स्टूल. तर त्या काय म्हणाल्या? (असा चष्मा वर केला हं) “काका, आम्ही सत्याच्या बाबतीत फार काटेकोर आहोत. प्रत्येक गोष्टीला दोन पुरावे लागतात.” म्हटलं, हल्ल्याला आहेत दोन? “आहेत ना! पोस्टर आहे आणि वर्तमानपत्रातली बातमी आहे.” अहो बाई, पोस्टर मालकांनी छापलं आणि बातमीही मालकांनीच सांगितली, दोन्ही एकाच तोंडातून निघालं! “पण काका, स्टुलाला एकसुद्धा नाही.” आता स्टुलाची बातमी कोण छापणार? कपाळाला हात लावला मी... तोच हात! अहो, हात माझा होता हो!

बरं, म्हटलं, स्टुलाला साक्षीदार आहे. माझी बायको! तिनंच तर डावीकडे म्हटलं होतं! बसवली तिला कॅमेऱ्यासमोर, लावला दिवा तोंडावर, आणि बाईंनी हळू आवाजात विचारलं, “काकू, तो दिवस आठवतो?” झालं! आमच्या हिनं पदर डोळ्यांना लावला. “कसा विसरेन हो? काळा दिवस तो! भूकंपानं यांना असं उचललं, असं गरगर फिरवलं...” मी बाजूनं खुणा करतोय, अगं स्टूल, स्टूल! छे! बाहेर आल्यावर विचारलं, तू तर घरी होतीस ना? तर म्हणते, “अहो, इतकी वर्षं शेजारपाजारी तेच सांगत आले, आता मला तसंच आठवतं, त्याला मी काय करू? आणि स्टुलाचं सांगितलं तर म्हणतील बायकोनंच पाडलं.” घ्या!

राहिला कोण? भूकंप. गेलो त्याच्याकडे. आता पडदा नको, शिंपी नको, दारातून उजळ माथ्यानं आत गेलो. गुडघ्यांना पट्टे बांधून बसला होता, त्याची लेक त्याला औषध देत होती. म्हटलं, अरे बाबा, तू एकदा सांग, मी नाही मोडला म्हणून. मी एक, तू एक, झाले दोन पुरावे! तर लेक आत जाईपर्यंत गप्प बसला, आणि मग म्हणाला, “तुला वेड लागलंय का रे? मी मुलाखत देऊन बसलोय. सांगितलं त्यांना, मीच मोडला, कडाकड मोडला, पुन्हा भेटला तर दुसराही मोडीन.”

अरे पण का?

तर म्हणाला, “तुला टाळ्या मिळाल्या. माझ्याकडं काय आहे? लोकांची भीती आहे तेवढी. गुडघे गेले, कान गेले, ती शिल्लक आहे. ती तरी राहू दे की.”

म्हणजे बघा! मी त्याचं नाव धुवायला निघालो होतो आणि त्याला डागच हवा होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, आणि रागही आला, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

तर झाला माहितीपट पूर्ण. पहिल्या खेळाला आम्हा दोघांना पहिल्या रांगेत बसवलं... मध्ये चार खुर्च्या सोडून, सुरक्षिततेसाठी! पडद्यावर तो प्रसंग नव्यानं करून दाखवला. मी म्हणून जो घेतला होता त्याचे दंड माझ्या मांडीएवढे, आणि हाड मोडल्याचा आवाज तर असा, की जणू कुणी दार फोडतंय. संपल्यावर लोक भूकंपाकडं बघून हुर्यो करायला लागले. काय खुलला म्हातारा! उठला, दात दाखवले, गुरगुरला. तेवढ्यात मागून एक आजी आल्या, “लाज नाही वाटत!” म्हणाल्या, आणि फिरवली पर्स.

तुम्हाला सांगतो, पर्स लागली नाही! वीतभर लांबून गेली. पण आमच्या धंद्यात मार लागो न लागो, समोरच्यानं मारलं की पडायचं. त्याचं अंग विसरलंच नाही हो! दोन्ही पाय हवेत, पाठीवर धाडदिशी... इथं गादी नव्हती, फरशी होती. मनगट मोडलं.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “कशानं झालं आजोबा?” मी तोंड उघडतोय तेवढ्यात त्यानं चांगल्या हाताचं बोट माझ्याकडं केलं. “यानं! सूड घेतला!” आणि दारात कोण? चष्मेवाली बाई, कॅमेऱ्यासकट! “काका, खरं आहे हे? हात तुम्ही मोडलात?”

मी त्याच्याकडं बघितलं. दुखत होतं त्याला खूप, ओठ पांढरे पडले होते, पण डोळे सांगत होते... हनुवटी आत घे, पाठ सैल सोड, जा.

मी म्हटलं, हो. मीच मोडला.

बाईंचा चेहरा असा उजळला! “छान काका, झाले दोन पुरावे!” माहितीपटाच्या शेवटी हा दवाखाना नव्यानं जोडला, आणि सबंध माहितीपटात माझं तेवढं एकच वाक्य जसंच्या तसं ठेवलंय हो... न कापता!