ओनाच्या घरचा वाडगा

मंडळी, एक विचारते. देणाऱ्याचं कौतुक आपण रोज करतो. पण न घेणाऱ्याचं काय? त्याच्या पदरी काही पुण्य पडतं का? ऐका.

आयर्लंड नावाचा देश. लांब, समुद्रात. तिथली गरीब माणसं बटाट्यावर जगायची. आपली भाकरी, तसा त्यांचा बटाटा — नाही आजी, उपासाचा नव्हे, रोजचा. एका साली तो शेतातच सडला. दुसऱ्या सालीही तेच. मग परक्या मुलखातल्या दयाळू लोकांनी मक्याचं पीठ धाडलं, गावात मोठी कढई चढली. माणशी एक वाडगा घाटा. आपल्या थोरल्यांनी दुष्काळात सुकडी खाल्ली ना — तसंच.

त्या गावात ओना नावाची मुलगी. तिची आई गेली. आता तिथली रीत अशी, की मयताच्या घरी आलेल्यानं चार घास खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. घरच्यांनी दिलं नाही तर मेलेल्याचा अपमान. पाहुण्यानं नको म्हटलं, तरी अपमानच! आणि ओनाच्या घरात काय? कढईवरून आणलेला तिचा एक वाडगा. कालपासून पोटात काही नाही. तिनं दाराला आतून अडसर लावला. आईला एकटीनंच पोचवायचं ठरवलं.

दार वाजलं. शेजारचे टाइगकाका.

"ओना, उघड."

"काका, घरात काही नाही हो."

"तुझ्या आईला भेटायला आलोय. तुझ्या स्वयंपाकाला कोण विचारतंय? तो एरवी तरी कुठं बरा होतो?"

तिनं दार उघडलं. मागं अख्खी आळी उभी. सगळे आईभोवती बसले. ओनानं वाडगा काकांच्या हातात दिला. देताना बोटं सुटेनात, मंडळी. भूक अशी असते.

काकांची गळ्याची हाडं वर आलेली. त्यांनी चमचा बुडवला, ओठांना टेकवला, मिशी पुसली. "छान झालंय," म्हणाले आणि वाडगा बायकोकडे, सोर्चाकाकूंकडे दिला. काकूंनीही तसंच केलं. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वाडगा घरभर फिरून ओनाकडे परतला.

तिनं आत पाहिलं. घाटा होता तेवढाच होता.

"संपत नाही बाई आमच्यानं," काका म्हणाले.

"उरलेलं लेकीनं खायचं असतं," काकू म्हणाल्या. "रीत आहे."

होती का हो अशी रीत? नव्हती. म्हाताऱ्या काकूंनी बसल्या जागी केली!

ओनानं खाल्लं. पोटात घास गेला, तेव्हा कुठं तिला आईसाठी रडायचं बळ आलं. आळी तिच्याजवळ बसून राहिली.

पुराणातल्या अक्षय थाळीत अन्न देवानं संपू दिलं नाही. इथं ते उपाशी माणसांनी संपू दिलं नाही. मला सांगा, देव वेगळा कुठं राहिला?

मंडळी, तुमच्याही घरी असा दिवस येऊन गेला असेल. त्या दिवशी "आम्ही जेवून आलोय" म्हणत कुणी तुमच्या घशाखाली दोन घास उतरवले असतील. ते माणूस अजून असेल, तर उद्या सकाळी त्याच्या घरी जा. चहा देतील, तो घ्या. आणि सांगा त्यांना — त्या दिवशी तुम्ही जेवून आला नव्हता, हे मला ठाऊक आहे.