मेहुण्याने जोडलेला स्टिरिओ

आमच्या सुहासला ओळखता ना, माझा मेहुणा, पवईतला इंजिनिअर, ज्याला सगळंच येतं? माझी बायको हेमा, म्हणजे त्याची ताई, गेल्यावर तिचा आवाज एका सत्यनारायणाच्या डीव्हीडीवर तेवढा उरलाय, आणि आमच्या टीव्हीचा स्पीकर मुका. सुहास म्हणाला, "भावोजी, जुन्या स्टिरिओला जोडू. पाच मिनिटांचं काम."

त्या पाच मिनिटांत माझा अर्धा रविवार गेला. चित्राची पिवळी वायरसुद्धा आधी स्टिरिओत खुपसून झाली, मग टीव्हीत. अखेर पडद्यावर हेमाचे ओठ हलायला लागले, पण आवाज नाही. सुहासने व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला आणि निदान केलं, "स्टिरिओ गेलाय. फेकून द्या."

"स्टिरिओचं ते बटण कॅसेटवर आहे. डीव्हीडीवर नको का?"

"त्याने काय होणार आहे," म्हणत त्याने माझ्यावर उपकार म्हणून ते फिरवलं.

हेमाच्या आवाजाने मुलुंडची आमची अख्खी बिल्डिंग हादरली.

"सुहास, बसून काय राहिलास? पानं वाढायला घे."

पवईचा इंजिनिअर ताडकन उठला, "आलो, ताई" म्हणाला आणि थेट स्वयंपाकघरात गेला.

तिथे वाढायला काहीच नव्हतं. तरी तो बराच वेळ बाहेर आला नाही, आणि मीही आवाज कमी केला नाही.