मागून धरायचं काम

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे भारी शब्द माझ्याजवळ नाहीत. मुळात मी बोलणारा माणूस नाही. त्या दुपारी वर्कशॉपमध्ये दाजींशी, म्हणजे ताईच्या नवऱ्याशी, मात्र बोललो. ते इंजिनाच्या मागे होते, मी पुढे होतो, आणि मध्ये इंजिन असल्यामुळे त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. म्हणूनच बोलू शकलो असेन. बोललो तसं लिहितो.

— नाही, तसं नाही, नुसत्या हातांनी नको. हातांनी किती वेळ दाबणार? खांदा लावा. शाफ्टच्या मागच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, कापड ठेवलंय बघा, त्यावर मधोमध खांदा, आणि पाय मागे भिंतीला. हां. आता माझ्याकडे ढकला. एकदा ढकललं की मी सांगेपर्यंत तसंच. शिंकायचं नाही, खाजवायचं नाही, आणि फोन — फोन तिकडे बाकावर ठेवलाय मी तुमचा, वाजू दे वाजला तर. का म्हणजे? का ते तुम्ही मला विचारता? सांगतो, सांगतो, घाई काय आहे. आज कुठे जायचंय तुम्हाला?

आतली बेअरिंगं मी एकट्याने बसवली. तुम्ही म्हणाला होतात ना, रोटरमधलं जुनंच चालेल, पुसून टाक — काय चालेल पुसून? ते काय गोळ्यांचं बेअरिंग आहे? नुसती गुळगुळीत नळी असते ती, वरचा थर झिजून खालचं तांबं दिसायला लागलं होतं. तांबं दिसलं की गेलं ते. काढलं, नवीन दाबून बसवलं, खाच खाचेसमोर, तेलाचं भोक भोकासमोर — ते भोक जरा फिरलं ना, तर तेल आत जातच नाही, आणि मग कोरडं फिरून शाफ्ट खाऊन टाकतं. बोटाने तेल चोपडलं सगळीकडे. चिंधी नाही लावली, चिंधीचे धागे राहतात आत. हे कोणी शिकवलं मला? तुम्ही? तुम्ही मला चहा आणायला शिकवलंत. बाबांनी शिकवलं.

पण हे पुढचं — हे एकट्याचं कामच नाही, नाहीतर तुम्हाला बोलावलंच नसतं, खोटं कशाला सांगू. हे सुयांचं बेअरिंग. पातळ चकती, सभोवती बारीक सुया. आत्ता बोटात आहे माझ्या, तुम्हाला तिकडून दिसायची नाही. ही या कड्यावर नुसती बसवायची. ग्रीसने चिकटवलीय, पण ग्रीस ते किती धरणार? तुमचा मागून जोर आहे म्हणून शाफ्ट पुढे आहे, शाफ्ट पुढे आहे म्हणून फट नाही, फट नाही म्हणून चकती कड्यावर टिकते. तुम्ही सैल पडलात — एवढंसं, श्वास सोडल्यासारखं — की शाफ्ट मागे सरकला आणि चकती उतरली खाली. आणि मला पुढून काही दिसत नाही! वर प्लेट चढली, तोलाचं वजन चढलं, पुली चढली, मी आपला बोल्ट आवळतोय शहाण्यासारखा आणि आत चकतीची कड चिरडतेय. बरं, इंजिन लगेच बोंबलत नाही. चालू होतं, पळतं, गिऱ्हाईक खूष, आपण खूष. आणि मग अर्ध्या रस्त्यात आवळून बसतं.

तसंच बसलं ना मागच्या वेळी? हेच इंजिन, हीच लाल गाडी. मॅडम इथे उभ्या होत्या, त्या हवेच्या पंपाशेजारी, काय काय बोलल्या — परत करून द्या, आणि म्हाताऱ्यांचा हात लागता कामा नये. त्या बोलल्या, बोलू देत. परक्या आहेत, गाडी त्यांची बंद पडली. पण तुम्ही काय म्हणालात? ‘नाही मॅडम, आता आम्ही त्यांना हात लावूच देत नाही.’ आम्ही! आम्ही म्हणजे कोण हो? मला विचारलं होतंत? आणि बाबा तिथेच, हात पुसत. त्यांनी स्वतःचे पाने एकेक करून पुसले, खणात ठेवले, गेले घरी. आता सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसतात, शेजारच्यांची सायकल बिघडते का याची वाट बघत.

थांबा, सगळं चढलं. बोल्ट लागला. आता आवळतो. धरलंय ना?

हां. ‘धरलंय.’ तेव्हाही हेच म्हणाला होतात. बाबा पुढे, इथे, माझ्या जागी, तुम्ही तिथेच — आणि बाबांनी विचारलं, धरलंय ना, आणि तुम्ही म्हणालात, धरलंय. मी बाहेर चाक उतरवत होतो. मला ऐकू आलं, फोन वाजला तुमचा, आणि ‘हॅलो’सुद्धा ऐकू आलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. कळलं ते इंजिन परत खोललं तेव्हा. चकती निघाली — फक्त खालची कड चिरडलेली, वरची नवीकोरी. हात थरथरल्याने अशी चिरडते? पुढून आवळणाऱ्याचे हात थरथरले तर पाना सटकेल, बोटं सोलतील, आणखी काय होईल? खाली उतरते ती मागच्याने सोडल्यावर. मला कळतं, तर बाबांना कळलं नसेल? उभा जन्म गेला त्यांचा यात. चकती बोटात फिरवून फिरवून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माझेच हात थरथरले. आणि मला मागे पत्र्याआड नेऊन म्हणाले, तू तोंड उघडायचं नाही, तुझ्या ताईला त्याच्याबरोबर दिवस काढायचेत —

काय झालं? काही नाही? नाही, मला वाटलं... धरलंय म्हणता? बरं.

हो, माहीत होतं त्यांना. पहिल्यापासून. तुम्ही घरी आलात की आधी दाजींना वाढ म्हणतात ना, तेव्हाही माहीत असतं. मी हे बोलणार नव्हतो. शब्द दिला होता त्यांना. पण तुम्ही परवा ताईच्या तोंडावर म्हणालात, तुझ्या वडिलांनी वर्कशॉपचं नाव घालवलं, आणि ताई? खाली मान घालून भाजी चिरत राहिली. तिला काय माहीत! तिला वाटतं, खरंच घालवलं. आणि आता म्हणे तुम्ही दुसरीकडे चाललात, मोठ्या गॅरेजमध्ये, तिथे गार हवा आहे आणि पांढरा कोट देतात. जा ना. खुशाल जा. घाला कोट. फक्त मला एवढं सांगून जा, मागून धरायला मी कोणाला बोलावू? बाबांना तुम्ही घरी बसवलंत, तुम्ही निघालात, राहिलो मी. मी काय पुढून आवळू आणि मागे पळत जाऊन धरू? — नाही, विनवत नाही मी. कशाला विनवीन? नुसतं विचारलं.

झालं. बसला पक्का. सोडा आता. सोडा म्हटलं ना, झालं.

मापाची डायल लावतो. शाफ्ट मागेपुढे केसभर हलायला हवा, तेवढा काटा सरकला की आपण जिंकलो, मग तुम्ही तुमच्या वाटेने. ढकला. आता ओढा. ढकला परत. दाजी, ढकलताय ना? जोर लावा की जरा. ओढा.

हलत नाही.

काटा हलतच नाहीये.

कधी सोडलंत? बाबांचं सांगितलं तेव्हा? मी विचारलं ना तुम्हाला, काय झालं म्हणून विचारलं ना — आणि तुम्ही परत — नको. काही बोलू नका. पुसायचं कापड तिथे आहे, फोन बाकावर आहे. घ्या आणि जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचं सगळं परत खोललं. चकती खालूनच चिरडली होती. दुसरी नवीन होती ती तेलात धुतली, कडं पुसलं, ग्रीस लावून ठेवलं आणि घरी गेलो. बाबा अंगणात खुर्चीवर होते. त्यांना चपला घालायला लावल्या आणि वर्कशॉपमध्ये आणलं. मॅडमनी काय सांगितलंय त्याची त्यांनी मला दारातच आठवण करून दिली. मी त्यांना इंजिनाच्या मागे नेलं, त्यांचा खांदा कापडावर टेकवला आणि म्हटलं, बाबा, तुम्ही मागून धरा, मी आज काही बोलणार नाही.