डावीकडून तिसरा दगड

ताई : सापडली का रे?

भावोजी : कशी सापडणार? अकराच्या अकरा जणी डोक्यापासून पायापर्यंत करड्या पोत्यात.

ताई : हळू बोल. पुढच्या बाईंनी दोनदा वळून बघितलंय.

भावोजी : आधीच्या तीन प्रयोगांना तान्ह्या ठमीमुळे येता आलं नाही, आणि आज तिला शेजारी ठेवून आलो तर तुझ्या बहिणीचं पोतं झालंय.

ताई : पोतं नाही, दगड. पत्रकात लिहिलंय, नदीकाठचे दगड. सकाळी काय म्हणाली आठवतंय ना? "तुम्हाला मी फक्त ठमीला कडेवर घेतलेलीच दिसते. एकदा तरी नाचताना ओळखा."

भावोजी : आणि नाही ओळखलं तर?

ताई : तर उद्यापासून ठमीसाठी दुसरी मावशी शोधायची.

भावोजी : बापरे. तो आत्ता गडगडत गेला, तो?

ताई : पोटऱ्या बघ त्याच्या. तो बाप्या आहे.

भावोजी : मग दहाच जणी उरल्या. बरं, ती उजवीकडची. कमरेवर हात, भांडायच्या पवित्र्यात.

ताई : तशी मी उभी राहते.

भावोजी : हो, तेही खरंच.

ताई : डोळे मिटू नकोस.

भावोजी : संगीत ऐकतोय.

ताई : घोरत?

भावोजी : अगं, तो कोपऱ्यातला चेलोवाला वाजवायला लागला की माझ्या पापण्याच जड होतात. ही धून कुठेतरी ऐकलीय मी.

ताई : आपल्याच घरात. रोज दुपारी ही मोबाइलवर लावते आणि ठमीला खांद्यावर टाकून थोपटत फेऱ्या मारते.

भावोजी : तरीच. ठमी तर रोज दुसऱ्या मिनिटाला गार.

ताई : थांब. डावीकडून तिसरा दगड बघ.

भावोजी : आता सगळेच गप्प उभेत.

ताई : तो नाही. या पायावरून त्या पायावर चाललंय त्याचं. आणि पोत्याच्या आत हात बघ.

भावोजी : थोपटतोय. दगड थोपटतोय कुणाला तरी.

ताई : कुणाला तरी काय.

भावोजी : अगं, रडतेस कशाला? सापडली ना.

ताई : गप टाळ्या वाजव.

(प्रयोगानंतर, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी. धाकटी पोतं काखोटीला मारून येते.)

धाकटी : बोल ताई. मी कुठली?

ताई : डावीकडून तिसरी.

धाकटी : भावोजींनी कुणाला तरी विचारलं असणार.

भावोजी : शपथेवर नाही. तू एकटीच हलत होतीस. ठमीला झोपवताना हलतेस तशी.

धाकटी : म्हणजे शेवटी ठमीची मावशी म्हणूनच ओळखलंत.

ताई : नाही गं. मला तर एवढे दिवस वाटत होतं, तू नुसती तिला झोपवतेस. आज कळलं, नाचतेस.

धाकटी : आमच्या नृत्यदिग्दर्शिकेला नाही ना कळलं. शेवटची दोन मिनिटं कुणी तसूभर हलायचं नव्हतं. आत्ताच विचारत होत्या, तिसऱ्या दगडाला काय झालं होतं म्हणून.

ताई : मग काय सांगितलंस?

धाकटी : काय सांगणार? म्हटलं, अजून झोपली नव्हती ती.