पुराच्या खांबाशेजारचं घर

माझ्या मेहुण्याचा विषय काढू नका, डोकं फिरतं माझं. इथे शारजात आमच्याच बिल्डिंगमध्ये सुखात राहत होता. पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या, नदीकाठच्या गावात गेला आणि सासूबाईंनाही घेऊन गेला. तेव्हापासून दर व्हिडिओ कॉलला तेच, "दाजी, त्या वाळूत काय सडताय?"

एकदा त्याने गावातला ऐतिहासिक खांब दाखवला. त्यावर जुन्या पुरांच्या खुणा होत्या, सगळ्यात वरची त्याच्या डोक्याच्याही वर. साहेबांनी खांबाला टेकून सेल्फी काढला आणि शेजारीच घर घेतलं.

परवा सासूबाईंना त्या घरातून बोटीने काढावं लागलं. मी फोनवर ओरडलो, "अरे, त्या खुणा दिसल्या नाहीत तुला?"

म्हणतो, "दिसल्या ना, दाजी. पण ते सगळे पूर जुने होते."