भाच्याच्या कानांची तपासणी

आमच्या घरातली मोठी माणसं कुठेही भांडू शकतात, हे मी पनवेलच्या एका हॉस्पिटलात पाहिलंय. ताईचा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळायचा नाही. त्याचे कान तपासायचे होते आणि ती तपासणी मूल झोपल्यावरच होते. नर्स म्हणाली, "अर्ध्या तासात झोपवा, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

आईने त्याला मांडीवर घेऊन धवला सुरू केला, आमच्याकडे लग्नात बायका गातात तो. बाबा खेकसले, "हॉस्पिटलात कोनाचं लगीन हाय? देवाचं काय तरी म्हन."

"आरती म्हनून पोर झोपतं का ओ?"

"मग तुजं गावठी गानं आयकून झोपनार हाय?"

"काहीही गा, पण झोपवा त्याला," ताई म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

मी म्हटलं, "बाबा, लाज तुम्हाला वाटते, म्हणून पोराने झोपायचं नाही?"

झालं. बाबा ताडकन उठले. "तू मला शिकवनार? बारावीत कॉलेज सोडून घरी बसलेला तू?" आवाज एवढा चढला की शेजारच्या बाकावरचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. मीही तेवढ्याच जोरात ओरडलो.

नर्स धावत आली. आम्हाला झापणार होती, पण आईच्या मांडीकडे बघून म्हणाली, "अरे, झोपला की! चला, आणा आत."

आमचा पोरगा गाढ झोपला होता.

बाबा मटकन बसले. ताईने पोराला उचललं आणि ती म्हणाली, "आता काय तपासायचं राहिलं?"