कोरड्या बोरांची यादी

मंडळी, बसा, बसा. माह्यासाठी कुणी उठू नका, मी काय पुढारी न्हाई. माईक धरायची मला सवय न्हाई, आन वामनबद्दल चारचौघांत बोलायची तर त्याहून न्हाई. वामन साळवे जाऊन आज दहा दिवस झाले. सुमनवहिनी समोर बसल्यात. त्यांच्या तोंडाकडं बघून मला बोलता यायचं न्हाई, म्हणून मी भिंतीकडं बघून बोलतो. वहिनी, राग मानू नका.

बाहेरगावचे लई लोक आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. मी किसन. आष्टी तालुक्यात मला किसन पाणाड्या म्हणतात. तळहातावर नारळ आडवा धरायचा, रानातून चालायचं, नारळ उभा राहिला की म्हणायचं, इथं बोर घ्या. चाळीस वर्षं हेच केलं. वामन माह्या वर्गातला. तो सरकारी भूजल कार्यालयात व्हता. टेप घेऊन गावोगाव फिरायचा, विहिरीतलं पाणी किती खाली गेलं ते मोजायचा, लिहायचा. दोघांचं काम पाण्याचंच. तो मोजून लिहायचा, मी न मोजता सांगायचो.

आता खरं बोलतो. शोकसभेत गोड बोलायची पद्धत हाय. आमचं लई प्रेम व्हतं, आमी एका ताटात जेवलो, असं. वामन मोठा माणूस व्हता, हे खरंच हाय. पण मी त्याच्यावर जळत व्हतो. आजबी जळतो. मघाशी आत येताना दारातल्या चपला बघितल्या आन मनात आलं, माह्या मागं एवढ्या चपला दारात पडतील का? मित्र गेला, आन मी त्याच्या चपलांचा हेवा करतोय. असा मी हाय, तुमी वळखताच.

ह्या माणसानं माह्याकडं एक गोष्ट मागितली व्हती. बारा वर्षं मागत व्हता. माह्या हातानं कोणकोणते बोर कोरडे गेले, त्यांची यादी. दुसरं काय न्हाई, नुसती यादी. मी दिली न्हाई. आज द्यावी का न्हाई, हे इथं येईपर्यंत माझं ठरत न्हवतं. खरं सांगू का, अजूनबी पाय मागं वढतोय.

सुरुवात कशी झाली ते ऐका. वामननं मोजलेले आकडे आधी कचेरीच्या कपाटात जायचे. कुणाला बघायचे असले तर अर्ज करा, साहेबाला भेटा, साहेब दौऱ्यावर असले तर उद्या या. पुढं सरकारनं ते सगळे आकडे संकेतस्थळावर टाकले. कुणीबी बघावं, कुणीबी घ्यावं, विचारायचं कारण न्हाई. पण ते सगळं इंग्रजीत, आन आपल्याकडं कोण उघडून बघतंय? वामन रिटायर झाला आन पहिलं काम त्यानं काय केलं? ह्या विहाराची बाहेरची भिंत काळ्या रंगानं रंगवली. आन आपल्या गावाच्या, शेजारच्या चार गावांच्या विहिरींची पातळी तिच्यावर मराठीत लिहिली, खडूनं.

मी म्हणलं, "वामन्या, तुला घरी काय काम न्हाई का?"

तर म्हणाला, "किसन्या, हे मी मोजलं सरकारी पगारावर. पगार लोकांचा. मग आकडे कुणाचे, बे? मी काय दान करतोय व्हय? ज्याचं त्याला देतोय."

तवापासून माह्या पोटात दुखायला लागलं. माह्या ओट्यावर सकाळी चहाला दहा माणसं असायची. "किसननाना, औंदा पाणी टिकंल का?" मी डोळे मिटायचो, जरा वेळ लावायचो, मग सांगायचो. वेळ लावल्याशिवाय मान मिळत न्हाई. ती माणसं हळूहळू भिंतीपुढं यायला लागली. आन भिंत कुणाची? आमी लहान असताना वामनला आमच्या आळीच्या आडावर पाणी शेंदू देत न्हवते. त्याच वामनच्या दारात आमची सगळी आळी पाणी बघायला यायला लागली. मला त्याचा आनंद व्हायला पायजे व्हता. व्हायला पायजे व्हता की न्हाई? न्हाई झाला. मी जळलो.

मला वाटलं, चार दिवस बघतील आन कंटाळतील. पण कडा गावचा रफिक मिस्त्री आला. ते बघा, खांबाला टेकून बसलाय. वेल्डिंगवाला माणूस, त्याचा आन पाण्याचा काय संबंध? भिंत वाचून म्हणाला, "विहिरींचं लिवलंय, बोरांचं कावून न्हाई?" वामन म्हणाला, "बोर अरुंद हाय, आत टेप अडकतो." रफिक गेला आन आठ दिवसांनी परत आला. हातात दोन वायरींचं भेंडोळं. खालची टोकं उघडी, वर बॅटरी आन बारका बल्ब. बोरात सोडायचं, टोकं पाण्याला टेकली की वर बल्ब पेटतो. वायरीवर फुटाफुटाला रंगाच्या खुणा. त्याला कुणी सांगितलं न्हवतं. म्हणाला, "भिंतीवरची रिकामी जागा बघवंना."

मग आपल्या गुरुजींची पोरगी, प्रतीक्षा. आष्टीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत व्हती. तिनं भिंतीचे फोटो काढले. वामननं विचारलंबी न्हाई की कशाला पायजे. उलट खडूची धूळ पुसून दिली, म्हणाला, नीट दिसू दे. पोरीनं मोबाइलवर नकाशा केला. पाण्याचा बोर हिरवा ठिपका, कोरडा बोर लाल. सरकारचे आकडे आन गावाचे आकडे, दोन्ही एकाच जागी. गेवराईकडचे दोन शिक्षक आले, वही भरून घेऊन गेले, आता तिकडंबी अशीच भिंत हाय म्हणतात.

आन खालच्या वस्तीवरच्या बाया. त्यांनी नकाशा बघितला, तर त्यांच्या वढ्याच्या कडंला सरकारी बोरांच्या लाल ठिपक्यांची रांग. त्या म्हणाल्या, भोकं तर पडलेलीच हायेत, मग पावसाचं पाणी त्यातून खाली सोडून बघू. बाजूनं खड्डा घेतला, गोटे टाकले, वाळू टाकली, गाळलेलं पाणी बोरात सोडलं. मी लई हसलो. ओट्यावर बसून म्हणलं, कोरड्या बोरात पाणी वतायला निघाल्या, डोकी फिरलीत बायांची. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीला पाणी राहिलं, आन ते ह्या भिंतीवर लिहून आलं. माझं हसू तिथंच जिरलं.

एक ध्यानात घ्या, मंडळी. ह्यातलं एकबी वामनला सुचलेलं न्हवतं. ना बल्ब, ना नकाशा, ना बोरात पाणी सोडायचं. त्यानं फक्त उघडं ठेवलं. सुचलं ते दुसऱ्यांना. मी चाळीस वर्षं सगळं डोक्यात कोंडून ठेवलं. कुठं मुरूम हाय, कुठं काळा पाषाण, कुठं किती फुटावर काय लागतं. ते दुसऱ्याला कळलं न्हाई, म्हणून दुसऱ्याला काय सुचलं न्हाई. आन मला तरी काय सुचलं? मला तेवढा नारळच सुचला.

आता ती यादी.

आपल्याकडची रीत तुमाला सांगायला नको. बोर कोरडा गेला की मालक काय करतो? वर फरशी ठेवतो, माती वढतो, आन गावात सांगतो, लागलं हो पाणी, जरा कमी हाय. कावून? पोराची सोयरीक अडते. रानात पाणी न्हाई म्हणलं की पाहुणे चहा पिऊन निघून जातात. मालक गप, आन पाणाड्या तर त्याहून गप. मग शेजारचा त्याच खडकात पुन्हा बोर घेतो, त्याच्या शेजारचा पुन्हा. एकाच पाषाणाला आपण किती ठिकाणी भोकं पाडली, हे आपल्याला दुष्काळात पण कळलं न्हाई. सगळ्यांनी फरशी ठेवलेली.

वामन म्हणायचा, "सरकारनं सरकारचं उघडं केलं, किसन्या. गावाचं गावानं करायला पायजे. अन् निम्मं गाव तुझ्या डोक्यात हाय."

मागच्या महिन्यात मी त्याला भेटायला गेलतो. खाटेवर पडून व्हता, आवाज निघत न्हवता. तरी तेच. "यादी दे." वहिनी, तुमी चहा आणायला आत गेला व्हता, तुमाला हे म्हाईत न्हाई. त्या खाटेवरच्या माणसाचासुद्धा मला हेवा वाटला. त्याच्या उशाशी सारखा फोन वाजत व्हता, लोक पातळी विचारत व्हते. मी चेष्टेत म्हणलं, "आधी तू मर, मग सांगतो."

तो हसला. म्हणाला, "मग लवकर मरतो. शब्द फिरवू नको."

मंडळी, मी आता शब्द फिरवू शकत न्हाई. ज्याला दिला तोच न्हाई, मग माघारी कुणाकडून घेऊ?

प्रतीक्षा, मोबाइल काढ. पहिला ठिपका लाव. गट माझा. वढ्याच्या वरचं माझं रान. सतरा वर्षांपूर्वीचा बोर, चारशे वीस फूट. कोरडा. वरून खालपर्यंत काळा पाषाण, कुठं वल सुद्धा न्हाई.

तुमी सगळ्यांनी त्या बोराला पाणी पडताना बघितलंय. ते पाणी माह्या विहिरीचं व्हतं. जमिनीतून पाइप पुरून बोराच्या तोंडाला जोडला व्हता. पाणाड्याचाच बोर कोरडा गेला हे कळलं असतं, तर मला कुणी बोलावलं असतं?

आन दुसरे तीन ठिपके लाव, पोरी. बांधाला बांध, माझा चुलतभाऊ दिनकर. तो तिथं मागं बसलाय. माह्या बोराचं पाणी बघून त्यानं मोसंबी लावली आन मला बोलावलं, नाना, पाइंट दाखवा. खाली काय हाय ते मला ठाऊक व्हतं. न्हाई म्हणलो असतो तर माझं उघडं पडलं असतं. मी नारळ धरला. नारळ उभा राहिला. मंडळी, नारळ बोटांनी उभा करता येतो. तिन्ही बोर कोरडे गेले, बाग वाळली.

त्या वक्ताला दिनकरचं लग्न होऊन वर्षबी झालं न्हवतं. लोक म्हणाले, नव्या सुनेचा पायगुण. माह्या ओट्यावर बसून म्हणाले. मी ऐकलं. मी नुसतं ऐकलं न्हाई, मान हलवली. पंधरा वर्षं त्या बाईला कुणी ओटी भरायला बोलावलं न्हाई, कुणाच्या विहिरीच्या पूजेला बोलावलं न्हाई. एका माणसाला खडक कुठं हाय ते म्हाईत व्हतं, आन तो गप बसला.

लता, तू बायांत बसलीस, मला दिसतीयास. तुझा काय दोष न्हवता. खाली खडक हाय. तू त्या घरात यायच्या लई आधीपासून व्हता. हे मी आज सगळ्यांपुढं सांगतो, आन उद्या भिंतीवर माह्या हातानं लिहितो, माह्या नावासकट. बाकीचे बोरबी सांगतो, गाव घेऊन सांगतो, एक एक. लागतील तेवढे दिवस लागू देत.

वामनला जय भीम. त्याच्यासाठी आता सगळे दोन मिनिटं उभं राहू, कुणी काही बोलू नका. लता, तू उभी राहा न्हाईतर बसून राहा. पण घरी निघायच्या आधी, आज हितल्या बायांनी तुला पहिलं कुंकू लावावं, एवढं मी हात जोडून मागतो.